गोगलगाय विकायची आहे

आलप्पुळा,
२ सप्टेंबर २०२५

प्रिय बजरंगमामा,

साष्टांग नमस्कार. पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. गेल्या आठवड्यात फोनवर मी घसा बसेपर्यंत ओरडून सांगत होते की गाडी विकायची आहे, आणि तुम्ही म्हणत होता, "व्हय व्हय, जेवलो." कानातलं मशीन तुम्ही लावत नाही. मामी व्हिडिओ कॉल लावते तेव्हा मला तासभर तुमच्या घराचं छत दिसतं. म्हणून हा उपाय काढलाय. मी कागदावर लिहून मामीच्या फोनवर फोटो पाठवत जाईन. तुम्हीही लिहा, मामी फोटो काढील. फक्त तिला सांगा, अंगठा काचेपुढे आणू नको.

तर मुद्द्याचं. गोगलगाय विकायची आहे. तुमच्या अंगणात आंब्याखाली उभी आहे तीच, माझं चार चाकांचं घर. मूळची शाळेची बस. मी तिच्यातली बाकं काढून पलंग, चूल, पाण्याची टाकी आणि बॅटरी बसवली, उन्हावर चालणारे दिवे-पंखे लावले आणि कच्छपासून गोकर्णापर्यंत तिच्यातच राहिले. वीज नाही, नळ नाही, भाडं नाही. तीन वर्षं राजासारखी काढली. आई म्हणायची भटक्यासारखी काढली, पण ते जाऊ दे.

आता मी आणि माझी मैत्रीण सविता इथे उन्हावर चालणाऱ्या होड्या दुरुस्त करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की आम्हाला एक नाव सापडली आहे. जुनी, लाकडी, वर वेताचं छप्पर, पोटात दोन खोल्या. आम्हाला तिच्यात राहायचंय, मामा! रात्री पाण्यावर झोपायचं आणि सकाळी दारात बदकं! नाववाला दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालाय. गोगलगाय गेली तरच नाव येईल.

इंटरनेटवर जाहिरात टाकली आहे, पत्ता तुमचा दिला आहे. कागदांवर सह्या करून ते गाडीच्या कपाटात ठेवलेत. तुम्ही काही करायचं नाही. किल्ली द्यायची, चहा द्यायचा आणि कमी बोलायचं.

तुमची
समीक्षा


टाकवे बुद्रुक,
६ सप्टेंबर

चि. समीक्षा हिला बजरंगमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मामीने ते मोठे करून दाखवले, मग ते लहान झाले, मग उलटे झाले, शेवटी वाचले.

कमी बोल हे तू मला सांगू नयेस. चाळीस वर्षे मी बैलबाजारात मध्यस्थ होतो. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे मी. इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेले एकही जनावर माघारी आले नाही. मावळात कोणालाही विचार. त्याचे कारण, मी खोड आधी सांगत असे. मारका बैल मारका म्हणून विकला की घेणारा जपून राहतो. गरीब म्हणून विकला की घेणारा आठ दिवसांत पोटाला फडके बांधून दारात उभा.

ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडला, माझी स्वतःची जोडीही गेली. आठ वर्षे झाली, मी एकही सौदा केलेला नाही. तू हे काम सांगितलेस आणि मी दाढी करून आलो. लोकांना अजून माझा शब्द चालतो का, हे मलाही बघायचे आहे.

तुझी जाहिरात शेजारच्या निलेशने वाचून दाखवली. त्यात नुसते गुण आहेत. हे बरे नव्हे. काल पुण्याहून एक जोडपे आले, त्यांना मी सर्व सांगितले. चढाला बसते. दुसरा गिअर लाथ घातल्याशिवाय पडत नाही. फ्रिज भाजी गोठवतो आणि दूध नासवतो. डाव्या खिडकीशी निजणाऱ्याने पावसात छत्री घेऊन निजावे. माणसे चांगली होती, पण घाईत होती.

तुझा
बजरंगमामा

ता. क. समे, मी मामी. मी बोलते आन फोन आपला आपन लिवतो, लय गुनाचा हाय. मामानं त्यांला गाडीच्या खोडी सांगितल्या, वर माझ्या बी सांगितल्या. ती पोरगी निम्म्यातनंच पायात चपला घालाय लागली. दुपारी मी गाडीत झोपते, पंखा लय गार. गिऱ्हाईक बेतानं पाठव.


आलप्पुळा,
८ सप्टेंबर

प्रिय मामा,

हात जोडून सांगते, गाडी बैल नाही. तिला दात नाहीत, वशिंड नाही आणि ती कोणाला मारत नाही. फ्रिजचं दूध तर मी विसरलेसुद्धा होते, तुम्हाला कोणी सांगितलं? मामीने? तरीच.

आजकाल लोक गाडी घेत नाहीत, स्वप्न घेतात. त्यांना सांगा, पहाटे दार उघडलं की समोर तलाव. सांगा, चांदण्यात चहा. ते ऐकून माणूस विरघळतो, मग गिअरला लाथ तो आपली आपण घालायला शिकतो. मी शिकलेच की!

नाव काल पुन्हा बघून आलो. सविताने कोणती खोली कोणाची हे ठरवलं आणि त्यावरून आमचं भांडणही झालं. नाव अजून आमची नाही ही वेगळी गोष्ट.

मामा, पुढच्या गिऱ्हाइकाला फक्त चांदणं सांगा. दुधाचं नाव काढू नका.

तुमची
समीक्षा


टाकवे बुद्रुक,
१३ सप्टेंबर

चि. समीक्षा हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आज एकाला चांदणे सांगितले. गृहस्थ लोणावळ्याचे हॉटेलवाले. अंगठ्या एवढ्या की चहाचा कप धरताना वाजत होत्या. त्यांना गाडी फार आवडली. खोड सांगायला लागलो तर म्हणाले, "अहो काका, चढाला बसते तर बसू द्या. आम्हाला कुठे चालवायचीय?"

तेव्हा मी चौकशी केली. त्यांना गोगलगायीची चाके काढायची आहेत. हॉटेलच्या बागेत सिमेंटचा ओटा करून तिला त्यावर कायमची बसवायची, गुलाबी रंग द्यायचा आणि पाहुण्यांनी तिच्यापुढे फोटो काढायचे. रात्री आतून दिवे.

मी नाही म्हणालो. ज्याच्याकडे चालायला वाट नाही त्याला चालते जनावर देऊ नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. त्यांनी

बाकी सर्व क्षेम. भुईमूग बरा आहे.

तुझा
बजरंगमामा

ता. क. समे, मामाच्या पत्रात मधीच एक वळ न्हाई ना? तितं त्यानं मला अंगठा ठेवाय लावला. मीच सांगते. त्यो माणूस तू मागितलंस त्याच्यापेक्षा बी जास्त देत व्हता. रोख. बॅग दाखवली. मामानं त्याची बॅग त्याच्या मांडीवर ठेवली आन म्हणला, "पोहे खावा आन निघा." मी शिव्या घातल्या. पण गुलाबी म्हणल्यावर मला बी कसंतरीच झालतं, खरं सांगते.


आलप्पुळा,
१४ सप्टेंबर

मामा,

जास्त देत होता! जास्त!

गुलाबी काय, हिरव्यावर पिवळे ठिपके दिले असते तरी चाललं असतं. गाडी माझी, तिच्यात दिवस मी काढले, वाईट वाटायचं तर मला वाटायला हवं. इथे नाववाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलंय आणि तुम्ही नियम सांगताय! तुमचा बाजार संपला, मामा. आता असं कोणी विकत नाही.

समीक्षा


टाकवे बुद्रुक,
२२ सप्टेंबर

समे, मामीचा आशीर्वाद.

मामा लिवत न्हाई. तुझं "बाजार संपला" त्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आन गप गोठ्यात जाऊन बसला. आठ दिस कुणाशी धड बोलला न्हाई. म्हणून आज मी बोलते आन फोन लिवतो. आता बसून घे. सांगाय लय हाय.

काल आपल्याकडं भादवी पोळा व्हता. जोडी गेल्यापास्नं पोळ्याला तुझा मामा सकाळीच रानात निघून जातो, दुसऱ्याची सजल्याली बैलं त्याला बघवत न्हाईत. काल मातुर उठला, गोगलगायीला घासून घासून धुतली. आरशांना बेगड चिकटवली. काचेवर बाशिंग बांधलं. टपावर आपल्या जोडीची झूल टाकली. पाठीवर गेरूचे पंजे उठवले. मी म्हणलं, "अवो, ती गाडी हाय." म्हणला, "आपल्या दारात हाय न्हवं? मग तिचा बी सण."

निलेश गाडी हाकाय बसला आन मामा म्होरं टॉवेल उडवत निघाला. आदी सगळं गाव हसलं. मग ढोलवाल्यांस्नी ऱ्हावंना, त्यांनी ताल धरला. मग हसणारी समदी नाचाय लागली. देवळाम्होरल्या चढाला आली आन गोगलगाय बसली! आता बसली म्हंजी बसलीच. चाळीस-पन्नास माणसं मागनं ढकलाय लागली. गुलाल, ढोल, पोरांचा कालवा, आन त्यातच एक रिक्षा येऊन थांबली.

रिक्षातनं एक म्हातारी उतरली. सत्तरीची आसंल, पांढरं धुतलेलं लुगडं, डोळ्यांला चष्मा. संगं तिचा ल्योक. ल्योक म्हणला, "जयभीम. मी धम्मदीप, लोणावळ्याला रेल्वेत हाय. आमी वलवणहून आलोय. त्ये विकायच्या गाडीचं कुटं?" समद्या गावानं एकदम बोट केलं. गाडी बाशिंग बांधून उभी! त्यो बिचारा कधी गाडीकडं बघतोय, कधी आईकडं.

म्हातारीचं नाव भागुबाई. त्या काय बिचकल्या न्हाईत. गाडीभवती एक फेरा मारला, चाकाला पायानं दाबलं, सरळ मामाम्होरं येऊन उभ्या ऱ्हायल्या. म्हणल्या, "खोड सांगा, भाऊ."

समे, मामाचं तोंड बघाय पायजे व्हतंस तू! त्यानं समदं सांगितलं. गिअर, खिडकी, दूध, समदं. चढाचं सांगायची गरज नव्हती, त्ये दिसतच व्हतं. त्या येकेका खोडीला मान हलवत व्हत्या. त्यांच्या बापाची बैलजोडी व्हती, ल्हानपणी बापाच्या मागं मागं बाजार हिंडलेल्या. मामानं इचारलं, "पर तुमाला कशाला पायजे?" तर म्हणल्या, "जन्म लोणावळ्यात गेला. माणसं मुंबैहून, पुण्याहून आमच्या दारात फिराय येत्यात, चिक्की खात्यात, जात्यात. आता मी त्यांच्या दारात जाणार. मला सांची बघायचीय, बोधगया बघायचीय. गुडघं धरल्यात, लॉजच्या जिन्यांचं जमत न्हाई. आपलं घर आपल्यासंगं आसलं की मी कुटं बी जाईन."

आन मग म्हणल्या, "टाका टॉवेल."

तुला ठावं हाय ना, बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टॉवेलाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, बोटावरनं आकडा. आजवर कुण्या बाईचा हात त्या टॉवेलाखाली गेला न्हाई. मामाचे कान लाल! समदं गाव गप. ढोल बी गप. मग टाकला टॉवेल. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत, वरनं काय सुदीक कळंना. त्यानं मान हलवली, तिनं मान हलवली, त्यो हसला, ती न्हाई हसली. माझ्या नवऱ्यानं भर गावात दुसऱ्या बाईचा हात धरलाय आन मी पुरणपोळीचं ताट घेऊन उभी!

शेवटाला टॉवेल उडवला. ठरलं. धम्मदीप म्हणला, "आई, कितीला?" त्या म्हणल्या, "तुला काय करायचंय? माझं पैसं हायेत." जेवून, कागद घेऊन, बाशिंगासकट गाडी घेऊन गेली.

मामा काल रातीला आपनहून भाकरी मागून जेवला. शिटी वाजवत व्हता. कानानं ऐकू येत न्हाई त्यामुळं लय मोठ्यांदा.

तुझी
नंदामामी


आलप्पुळा,
२३ सप्टेंबर

प्रिय मामा, प्रिय मामी,

मी हे पत्र सविताला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा रडली, तिसऱ्यांदा म्हणाली की तिला भागुबाईंशी लग्न करायचंय.

पैसे आले! आकडा बघून मी इतकी जोरात उडी मारली की होडी हलली आणि सविताचा पाना पाण्यात पडला. मामा, तुम्ही त्या टॉवेलाखाली काय केलंत हे मला माहीत नाही, पण तुमचा बाजार संपला हे वाक्य मी मागे घेते. नुसतं मागे नाही, खोल पाण्यात सोडून देते.

आता नाववाल्याकडे जाते. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तोंड बघायला मी फार उत्सुक आहे.

तुमची नाचणारी
समीक्षा


टाकवे बुद्रुक,
२४ सप्टेंबर

चि. समीक्षा हिला अनेक आशीर्वाद.

सौदा झाला. आठ वर्षांनी टॉवेल टाकला, बोटे विसरली नव्हती. भागुबाईंसारखे गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत दोन-तीनच भेटले असतील. बाई शेवटच्या बोटाला अशी अडून बसली की मला घाम फुटला. आकडा तुला कळला ते बँकेमुळे, मी सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही.

सर्व रीतीप्रमाणे केले. नारळ फोडला, गाडीच्या चाकांवर पाणी घातले, निघताना दावे काढून ठेवून घेतले. तुझ्या नावाला किंवा माझ्या नावाला बट्टा लागेल असे काही राहू दिलेले नाही.

गावात लोक पुन्हा मला हाक मारून विचारू लागले आहेत. कोणाची जुनी मोटारसायकल आहे, कोणाचा उसाचा चरक आहे. म्हणतात, तुम्ही मध्ये राहा. बरे वाटते.

तुझा
बजरंगमामा


आलप्पुळा,
२५ सप्टेंबर

मामा,

दावं? कसलं दावं?

आत्ता धम्मदीपदादांचा फोन आला होता. काल रात्रीपासून गाडीत दिवा नाही, पंखा नाही, पाणी वर चढत नाही. सोलरचे पत्रे उन्हात मांडून ठेवलेत तरी बॅटरी भरत नाही. पत्र्यांपासून बॅटरीपर्यंत जी जाड पिवळी केबल जाते, ती गाडीतच नाही. गुंडाळून मागच्या दाराशी खुंटीला टांगलेली असायची. तिच्याशिवाय गोगलगाय म्हणजे नुसती शाळेची बस.

मामा, ती केबल तुमच्या गोठ्यात आहे का?

धम्मदीपदादा सभ्य माणूस आहे. पण ते म्हणाले, "तुमच्या मामांवर विश्वास ठेवला होता. खोडी सांगितल्या आणि मुख्य वस्तूच काढून घेतली, याला आम्ही काय समजायचं? फसवलं असंच ना?" ते उद्या गाडी घेऊन टाकव्याला येतायत. ताबडतोब कळवा.

समीक्षा


टाकवे बुद्रुक,
२७ सप्टेंबर

समे, मामीच बोलते.

तुझं पत्र मी त्याच्याम्होरं धरलं. "फसवलं" ह्यो शब्द आला आन त्यानं भाकरी ताटात ठेवली.

व्हय, केबल गोठ्यातच हाय. आपल्या जोडीच्या दाव्यांच्या शेजारी त्यानं खिळ्याला टांगली. तुला म्हाईत न्हाई का गं? आपन जनावर विकतो, दावं कधी देत न्हाई. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाती. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. मामानं बघितलं, दोरावानी गुंडाळल्यालं, मागं खुंटीला टांगल्यालं, गाडी उभी केली की बांधायचं आन निघताना सोडायचं. तू बी रोज तसंच करायचीस. त्याला कसं कळावं त्यातनं वीज जाती म्हणून? मी तीन म्हयने पंख्याखाली झोपले, मला बी कळलं न्हाई.

मी म्हणलं, "नेऊन द्या की मग." म्हणला, "द्यायचं काय, मी आत्ता नेऊन दिलं आसतं. पर त्यो माणूस फसवलं म्हणला. चाळीस वर्सांत कुणी म्हणलं न्हाई."

काल दुपारी गल्लीत गाडीचा आवाज आला. मामाला आवाज ऐकू येत न्हाई, पर त्यानं बाशिंग बघितलं, काचेला तसंच बांधल्यालं व्हतं. गाडी माघारी आली! तुझा मामा उठला, गोठ्यात गेला आन आतनं दार लावून घेतलं. मी दार वाजवलं, निलेशनं वाजवलं. उघडंना. समे, मी त्याला जोडी गेली तवा रडताना बघितलं व्हतं, त्याच्यानंतर काल फटीतनं बघितलं.

धम्मदीप उतरला, रागातच. म्हणला, "मामा कुटं हायेत?" पर त्याच्या मागनं भागुबाई उतरल्या. त्यांनी ल्योकाला हातानं बाजूला सारलं, गोठ्याच्या दाराशी गेल्या आन समद्या गावाला ऐकू जाईल आसं आतल्या बहिऱ्या माणसाला म्हणल्या,

"बजरंगभाऊ, गाडी माघारी न्हाई आणली! मी येवड्यात माज्या बहिणीकडं गेलते, मला म्हाईतच नव्हतं ह्या पोरानं काय आरडाओरडा केला. दावं कुणी देतं व्हय? मी त्याला म्हणलं, लाज न्हाई वाटत, दुसऱ्याचं दावं मागाय? आमचं आमी इकत आणलंय. पर बांधाय येत न्हाई. तुमचा हात पायजे."

आतनं कडी वाजली. मामा बाहेर आला. डोळं लाल, अंगाला सगळा कडबा. भागुबाईंच्या हातात नवी कोरी काळी केबल, लोणावळ्यातनं आणल्याली. धम्मदीप मान खाली घालून म्हणला, "चुकलं माझं, मामा. आई रातभर शिकवत व्हती मला." मामानं धम्मदीपच्या अंगावरचा गाडीचा धुराळा हातानं झटकला, झालं.

मग दोघांनी केबल लावली. आदी उलटी लावली, मग सुलटी लावली. पंखा फिरला. समदं गाव वरडलं. मी पयली जाऊन पंख्याखाली बसले.

नंदामामी


आलप्पुळा,
२८ सप्टेंबर

प्रिय मामा,

आता माझं नीट ऐका. म्हणजे नीट वाचा.

केबलचं मिटेपर्यंत मी पैशाला हात लावला नव्हता. काल मी आणि सविता पैसे घेऊन नाववाल्याकडे गेलो. तो बोलत सुटला. लाकूड एक नंबर. छप्पर एक नंबर. इंजिन एक नंबर. अशी नाव केरळात दुसरी नाही. पहाटे दार उघडलं की समोर बदकं, चांदण्यात चहा. ऐकता ऐकता मी गार पडले. हे सगळं मीच तुम्हाला लिहिलं होतं! मी त्याला विचारलं, "खोड काय आहे?" तो हसला आणि म्हणाला, खोडच नाही. आणि मामा, मला एकदम भीती वाटली. मी पैसे दिले नाहीत. सविता म्हणाली तू वेडी झालीस. म्हटलं, मला मामा पाहिजे.

मला बोटीतलं सोलर कळतं. लाकूड किती कुजलंय, माणूस किती खोटं बोलतोय, हे मला कळत नाही. तुम्हाला नावेतलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. पण विकणाऱ्याच्या डोळ्यांतलं कळतं. मामा, तुम्ही मध्ये राहाल का? माझ्या बाजूने? दसरा गुरुवारी आहे. नाववाल्याला मी सांगितलंय की आमचे मध्यस्थ आल्याशिवाय सौदा होणार नाही. त्याने विचारलं, कोण आहेत? मी म्हटलं, चाळीस वर्षांत ज्यांच्या हातून काही माघारी आलं नाही, ते.

रेल्वेचं तिकीट काढते. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची
समीक्षा


भटकळच्या अलीकडे, रस्त्याकडेला,
३० सप्टेंबर

चि. समीक्षा हिला बजरंगमामाचे अनेक आशीर्वाद.

रेल्वेचे तिकीट काढू नकोस, काढले असल्यास रद्द कर. तुझे पत्र आले तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला राहिलेल्या भागुबाई दारात मामीशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी ते मामीकडून ऐकले आणि म्हणाल्या, सांची काय, पळून जात नाही, आधी नाव बघू. धम्मदीपला दसऱ्याची सुट्टी होतीच. एका तासात निघालो. मामीने घराला कुलूप लावले, निलेशला भुईमूग सांगितला.

गाडी चांगली चालते. चढ आला की मी आणि मामी उतरतो, धम्मदीप हाकतो, भागुबाई आत बसून सूचना देतात. दूध नासते. डाव्या खिडकीशी काल पाऊस आला तेव्हा धम्मदीप निजला होता. सकाळी काही बोलला नाही, त्याला मी आधीच सांगितले होते. काल संध्याकाळी समुद्राच्या कडेला थांबलो. तुझी मामी लुगड्यासकट पाण्यात बसली आणि दोन तास उठेना.

नाववाल्याला चहा पाज, पण पैशाचे नाव काढू नकोस. मी आल्यावर प्रथम त्याच्या घरच्यांशी बोलेन. भाषा येत नाही, त्याने काही बिघडत नाही. टॉवेलाखाली कोणतीच भाषा लागत नाही. भागुबाई म्हणतात की हात त्या घालणार. यावरून आमचा वाद चालू आहे.

समीक्षा, एक सांगतो. आजवर मी जनावर घेणाऱ्याच्या दारात पोचवले की टॉवेल खांद्यावर टाकून एकटा घरी परत येत असे. कधी वीस कोस, कधी तीस. ते पुढे कुठे गेले, काय पाहिले, मला कधीच कळले नाही. विकलेल्या जनावराबरोबर पुढे निघालो, असे हे पहिल्यांदाच. मला फार आनंद झाला आहे. तो कसा लिहावा हे कळत नाही, म्हणून इथेच थांबतो.

तुझा
बजरंगमामा

ता. क. समे, तांदळाचं पीठ घेतलंय, भाकऱ्या हितंच थापते. मामाला म्हणलं मागं पडून ऱ्हावा, तर ऐकंना. म्होरं खिडकीत बसून वाटंवरच्या समद्या पाट्या मोठमोठ्यांदा वाचतोय, आन भागुबाई त्याच्या चुका काढत्यात. कानडी दोघांस्नी बी येत न्हाई.